शीतयंत्राचा सीओपी आणि इंजिनाची कार्यक्षमता : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. शीतयंत्राचा सीओपी, म्हणजे एक एकक कार्य खर्चून थंड जागेतून किती एकक उष्णता बाहेर काढली जाते तो आकडा, आणि उष्णता इंजिनाची कार्यक्षमता, म्हणजे घेतलेल्या उष्णतेपैकी किती भागाचे कार्य झाले तो आकडा, या दोहोंचा नेमका संबंध काय, हे आधी कागदावर मांडायचे आणि मग प्रयोगशाळेतील एका जुन्या एकदारी फ्रिजवर तपासायचे, असे ठरले. गटात पहिलाच प्रश्न निघाला तो असा की, कार्यक्षमता कधीही १ च्या वर जात नाही, मग सीओपी ३ किंवा ४ कसा येतो? उत्तर व्याख्येतच आहे. इंजिनाच्या बाबतीत कार्य हे घेतलेल्या उष्णतेतूनच निघते, त्यामुळे तो भागाकार पूर्णाचा अंश असतो. शीतयंत्राच्या बाबतीत काढलेली उष्णता ही पुरवलेल्या कार्यातून निर्माण झालेली नसते. ती थंड जागेत आधीपासून असते आणि कार्य तिला फक्त उष्ण बाजूला नेऊन टाकते. अंश आणि छेद यांचे उगमच वेगळे असल्यामुळे या भागाकारावर १ ची मर्यादा येण्याचे काही कारण नाही. मर्यादा आहे, पण ती उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातून येते आणि तापमानांवर अवलंबून असते.

८ जानेवारी

आदर्श यंत्राचे सूत्र आज मांडले. दोन स्थिर तापमानांमध्ये चालणाऱ्या प्रतिवर्ती (काहीही वाया न घालवता उलटही चालवता येणाऱ्या) इंजिनाची कार्यक्षमता म्हणजे तापमानांतील फरक भागिले उष्ण बाजूचे निरपेक्ष तापमान. तेच यंत्र उलट चालवले तर त्याचा शीतयंत्र म्हणून सीओपी म्हणजे थंड बाजूचे निरपेक्ष तापमान भागिले तोच फरक. दोन्हींची सांगड घातली की

सीओपी = (१ ÷ कार्यक्षमता) − १

हे नाते मिळते. उष्ण बाजूला टाकलेली उष्णता खोली तापवण्यासाठी वापरली, म्हणजे यंत्र उष्णता पंप मानले, तर त्याचा सीओपी सरळ १ ÷ कार्यक्षमता इतका येतो. एकाचा फरक पडतो, कारण उष्ण बाजूला काढलेली उष्णता आणि खर्च झालेले कार्य ही दोन्ही एकत्र पोचतात.

पुढील सर्व हिशेबांसाठी एक जोडी निवडून ठेवली : आतील कप्पा −१२° से., खोली २५° से. केल्व्हिनमध्ये २६१.१५ आणि २९८.१५, फरक ३७. प्रतिवर्ती इंजिनाची कार्यक्षमता ०.१२४, प्रतिवर्ती शीतयंत्राचा सीओपी ७.०६. तपासणी : १ ÷ ०.१२४१ = ८.०६, त्यातून १ वजा, ७.०६. जुळले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंजिन म्हणून ज्या तापमानजोडीला आपण टाकाऊ म्हणू, कारण शंभर ज्यूलमधून बारा ज्यूलही जेमतेम हाती लागतात, तीच जोडी शीतयंत्राला अतिशय सोयीची ठरते. फरक शून्याकडे गेला की कार्यक्षमता शून्याकडे आणि सीओपी अनंताकडे जातो.

११ जानेवारी

आजचा दिवस या एका सूत्राच्या मर्यादेवर गेला आणि माझ्या मते प्रकल्पाचा गाभा येथेच आहे.

वरील नाते अनेकदा कोणत्याही अटीशिवाय लिहिलेले आढळते, जणू कोणत्याही इंजिनाची कार्यक्षमता त्यात घातली की त्याच तापमानांवरील शीतयंत्राचा सीओपी मिळावा. तसे करून पाहिले. ०.१२४ ऐवजी एखाद्या घर्षणाने ग्रासलेल्या, गळक्या इंजिनाची कार्यक्षमता ०.१० घेतली. सूत्र म्हणते, सीओपी ९. म्हणजे इंजिन जितके वाईट, तितके शीतयंत्र चांगले! कार्यक्षमता ०.०५ घेतली तर सीओपी १९ येतो. हे आकडे प्रतिवर्ती यंत्राच्या ७.०६ पेक्षा मोठे आहेत, म्हणून ते अशक्य आहेत. पण सूत्राकडे नुसते पाहून ते अशक्य आहेत हे कळत नाही, आणि धोका नेमका तोच आहे.

हे का फसते, ते दोन यंत्रे जोडून पाहिले की स्पष्ट होते. खोली आणि कप्पा यांच्यामध्ये एक इंजिन ठेवू आणि त्याने दिलेल्या कार्यावर त्याच दोन तापमानांमधील शीतयंत्र चालवू. इंजिन १ ज्यूल कार्य देताना थंड बाजूला (१ ÷ कार्यक्षमता) − १ इतके ज्यूल टाकते. शीतयंत्र त्याच १ ज्यूलवर थंड बाजूतून सीओपी इतके ज्यूल उचलते. बाहेरून काहीही पुरवलेले नाही. शीतयंत्राने उचललेली उष्णता इंजिनाने टाकलेल्या उष्णतेपेक्षा जास्त असेल, तर थंडीकडून उष्णतेकडे आपोआप उष्णता वाहू लागेल, आणि क्लॉसियसच्या विधानाला, म्हणजे दुसऱ्या नियमाच्या एका रूपाला, ते मान्य नाही. सीओपी ९ चे यंत्र खरोखर मिळाले असते, तर ते प्रतिवर्ती इंजिनाला जोडून दर ज्यूलमागे १.९४ ज्यूल फुकट वर नेता आले असते. म्हणून खरे विधान समीकरणाचे नसून असमानतेचे आहे :

कार्यक्षमता × (सीओपी + १) ≤ १

ही असमानता त्या दोन तापमानांमधील कोणत्याही इंजिनाला आणि कोणत्याही शीतयंत्राला लागू पडते, मग ती दोन वेगवेगळी यंत्रे का असेनात. बरोबरी फक्त दोन्ही यंत्रे प्रतिवर्ती असतानाच साधते. ८ तारखेच्या नोंदीतील सूत्र हा या असमानतेचा कडेचा एक बिंदू आहे, एवढेच.

युक्तिवादाचा सांगाडा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याचा, १८२४ सालचा. त्या वेळी उष्णता हा एक अविनाशी द्रव पदार्थ आहे असे मानले जाई आणि कार्नोने आपली मांडणी त्याच समजुतीवर केली होती. तरीही निष्कर्ष टिकला. ऊर्जेच्या अक्षय्यतेशी त्याचा मेळ १८५० मध्ये रूडॉल्फ क्लॉसियसने घातला. आधाराची समजूत कोसळून निष्कर्ष तेवढा उभा राहिल्याचे असे उदाहरण विज्ञानात विरळाच.

१२ जानेवारी

काल जे यंत्रे जोडून दाखवले, ते आज एन्ट्रॉपीच्या (उष्णता भागिले निरपेक्ष तापमान या मापाने मोजल्या जाणाऱ्या राशीच्या) हिशेबाने लिहून काढले. यंत्रात अपरिवर्तनीय प्रक्रियांमुळे काही एन्ट्रॉपी निर्माण होते. ती नेहमी धन असते.

इंजिनासाठी : मिळालेले कार्य = आदर्श कार्य − (थंड तापमान × निर्माण झालेली एन्ट्रॉपी).
शीतयंत्रासाठी : लागलेले कार्य = आदर्श कार्य + (उष्ण तापमान × निर्माण झालेली एन्ट्रॉपी).

इंजिन उलटे फिरवले म्हणून एन्ट्रॉपी निर्मितीचे चिन्ह उलटत नाही. घर्षण दोन्ही दिशांना विरोधच करते, उष्णता दोन्ही दिशांना तापमानाच्या उताराकडेच जाते. म्हणून खरे इंजिन उलट चालवले की त्याच्या उष्णतेचे आणि कार्याचे आकडे तसेच राहून नुसते चिन्ह बदलत नाहीत, ते आकडेच नवे येतात, आणि ‘व्यस्त घ्या, एक वजा करा’ ही कृती तेथे लागू होत नाही. तोटा मोजताना दोन्ही सूत्रांत गुणक तापमान वेगळे आहे, हेही टिपून ठेवले; इंजिनात थंड बाजूचे, शीतयंत्रात उष्ण बाजूचे.

१५ जानेवारी

आता आदर्शाकडून खऱ्या यंत्राकडे. रेफ्रिजरंट (नळ्यांतून फिरणारा शीतक) आर-१३४ए, एव्हॅपोरेटरमध्ये (आतल्या, उष्णता शोषणाऱ्या नळ्यांत) दाब ०.१४ मेगापास्कल, कंडेन्सरमध्ये (मागच्या, उष्णता सोडणाऱ्या नळ्यांत) ०.८ मेगापास्कल, असे पाठ्यपुस्तकी चक्र घेतले. तक्त्यांतून : एव्हॅपोरेटरमधून बाहेर पडणाऱ्या संपृक्त वाफेची एन्थॅल्पी (आंतरिक ऊर्जा अधिक दाब × आकारमान) २३९.२, आदर्श दाबणीनंतर २७५.४, कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या द्रवाची ९५.५, सर्व आकडे किलोज्यूल प्रति किलोग्रॅम. केशनळीतून, म्हणजे द्रवाचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीतून, जाताना एन्थॅल्पी बदलत नाही, म्हणून काढलेली उष्णता १४३.७, दिलेले कार्य ३६.२, सीओपी ३.९७.

या दोन दाबांची संपृक्त तापमाने (त्या दाबाला द्रव उकळण्याची तापमाने) −१८.८° से. आणि ३१.३° से. आहेत. म्हणजे कप्पा −१२ वर राखायचा तर एव्हॅपोरेटर त्याहून जवळजवळ सात अंश थंड, आणि खोली २५ वर असताना कंडेन्सर सहा अंश गरम. या नळ्यांच्या तापमानांमधला प्रतिवर्ती सीओपी ५.०८ येतो. कॉम्प्रेसर आदर्श नसतो. त्याची समएन्ट्रॉपी कार्यक्षमता, म्हणजे आदर्श दाबणीचे कार्य भागिले प्रत्यक्ष लागलेले कार्य, ०.७० मानली तर सीओपी २.७८ उरतो, आणि मोटरची ०.८५ मानली तर विजेच्या मापाने २.३६.

ही उतरण अशी वाचता येते. ७.०६ वरून ५.०८ : उष्णता नळ्यांच्या भिंतींतून पलीकडे जाण्यासाठी तापमानाची तफावत ठेवावी लागते, ही त्याची किंमत, गुणक ०.७२. ५.०८ वरून ३.९७ : मुख्यतः केशनळी, गुणक ०.७८. ३.९७ वरून २.७८ : कॉम्प्रेसर. २.७८ वरून २.३६ : मोटर. सर्वांचा गुणाकार ०.३३५. हाच तो दुसऱ्या नियमाची कार्यक्षमता म्हणून ओळखला जाणारा आकडा : खरा सीओपी भागिले त्याच तापमानांवरील कार्नो, म्हणजे प्रतिवर्ती, सीओपी. हा मात्र इंजिनाच्या कार्यक्षमतेसारखाच ० ते १ च्या मधला आहे, आणि त्यावरून यंत्राच्या बांधणीचा दर्जा कळतो.

केशनळीचा वाटा स्वतंत्रपणे तपासला. तिच्या जागी समएन्ट्रॉपी टर्बाइन कल्पिले तर द्रवाची एन्थॅल्पी ९५.५ ऐवजी ८८.९ वर उतरते. काढलेली उष्णता १५०.२ होते, टर्बाइनने परत दिलेले ६.५ किलोज्यूल वजा जाऊन निव्वळ कार्य २९.७ वर येते आणि सीओपी ५.०७ च्या आसपास पोचतो. वाढ २८ टक्क्यांची. तरीही छोट्या फ्रिजमध्ये कोणी टर्बाइन बसवत नाही. द्रव आणि वाफ यांच्या मिश्रणावर चालणारे, काही वॉटचे टर्बाइन करणे आणि सांभाळणे यांचा खर्च त्या बचतीतून कधी निघणार नाही, आणि तांब्याच्या बारीक नळीत बिघडण्यासारखे काही नसते. दुसऱ्या नियमाचा आकडा कमी दिसला की यंत्र करणाऱ्याला दोष देण्याआधी एवढा विचार करावा.

१९ जानेवारी

छोटी पण महत्त्वाची नोंद. १५ तारखेचे तेच यंत्र, तोच २.३६ चा सीओपी, पण उष्णता पंप म्हणून पाहिले तर त्याचा सीओपी ३.३६ आणि कार्नोची मर्यादा ८.०६, गुणोत्तर ०.४१७. शीतयंत्र म्हणून तेच ०.३३५. यंत्र एक, तापमाने तीच, आणि दुसऱ्या नियमाची कार्यक्षमता मात्र दोन! यात विसंगती नाही. उष्णता पंपाच्या हिशेबात वाया गेलेले कार्यही उष्णता होऊन इच्छित बाजूलाच पोचते, त्यामुळे त्याचे थोडे मोल धरले जाते. शीतयंत्रात तेच कार्य नको त्या बाजूला पडते. टोकाचे उदाहरण घेतले की हे पटते : नुसती विजेची शेगडी उष्णता पंप मानली तर तिचा सीओपी १ आणि गुणोत्तर ०.१२४, म्हणजे त्याच जोडीवरील प्रतिवर्ती इंजिनाची कार्यक्षमता. शीतयंत्र म्हणून तिची किंमत शून्य. अहवालात प्रत्येक गुणोत्तरासोबत यंत्राचा हेतू लिहायचा, असे ठरवले.

२४ जानेवारी

प्रत्यक्ष मापनाला सुरुवात. फ्रिज आत किती उष्णता गळू देतो हे कळल्याशिवाय तो किती उष्णता बाहेर काढतो हे कळणार नाही. त्यासाठी उलट पद्धत वापरली. फ्रिज बंद ठेवून, पूर्ण रिकामा करून, आत ३० वॉटचा रोधक आणि हवा ढवळण्यासाठी २ वॉटचा पंखा ठेवला, तारा दाराच्या रबराखालून बाहेर काढून तेथे चिकटपट्टी लावली आणि रात्रभर तापमान स्थिरावू दिले. तारांमुळे रबर जेथे किंचित उचलले गेले होते, तेथे हात धरला की उबदार हवेची बारीक झुळूक जाणवत होती. चिकटपट्टीचा दुसरा थर दिल्यावर ती थांबली. स्थिर अवस्थेत आतील हवा खोलीपेक्षा २० अंशांनी गरम राहिली. ३२ वॉट भागिले २० : दर अंशामागे १.६ वॉट.

या आकड्यात दोन त्रुटी आहेत आणि त्या परस्परविरुद्ध दिशेच्या आहेत. उलट चाचणीत भिंती नेहमीपेक्षा गरम असतात आणि फोमची उष्णतावाहकता तापमानाबरोबर वाढते, म्हणून गळती थोडी जास्त मोजली जाते. याउलट, प्रत्यक्ष वापरात बर्फाचा कप्पा उरलेल्या भागापेक्षा बराच थंड असतो आणि त्याच्या भिंतीतून जास्त उष्णता शिरते, ती या चाचणीत दिसत नाही.

२९ जानेवारी

फ्रिज चालू करून, दार न उघडता, दोन दिवस स्थिरावू दिल्यानंतर चोवीस तासांची नोंद घेतली. खोली सरासरी २६° से., आतील हवा ५° से., वीज ०.५३ युनिट, म्हणजे सरासरी २२.१ वॉट. कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ८५ वॉट घेतो आणि एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त चालतो, त्याच्याशी हे सुसंगत आहे.

गळती : १.६ × २१ = ३३.६ वॉट. सीओपी : ३३.६ ÷ २२.१ = १.५२.

५ आणि २६ अंशांमधला कार्नो सीओपी १३.२ आहे. गुणोत्तर ०.११५. हा आकडा १५ तारखेच्या ०.३३५ पेक्षा बराच खाली आहे, आणि कारण नळ्यांना चिकटवलेल्या तापमापकांनी लगेच दाखवले : कॉम्प्रेसर चालू असताना एव्हॅपोरेटर −१९° से., कंडेन्सर ४२° से. आत हवे ५ अंश, पण बर्फाच्या कप्प्यासाठी सगळीच उष्णता −१९ वरून उचलली जाते. बाहेर २६ अंश, पण कंडेन्सर भिंतीला जवळजवळ टेकलेला. नळ्यांमधला फरक ६१ अंशांचा आणि त्यावरचा कार्नो सीओपी ४.१७. त्या मापाने यंत्राचे गुणोत्तर ०.३६५ येते. म्हणजे कॉम्प्रेसर, मोटर आणि केशनळी मिळून जेवढे घालवतात, त्यापेक्षा जास्त नुसती तापमानाची तफावत घालवते. तिचा गुणक ०.३१५.

एन्ट्रॉपीच्या भाषेत : दर वॉट उष्णतेमागे ०.६६ वॉट वीज खर्च होते, त्यांपैकी ०.०८ वॉट दुसऱ्या नियमाने मागितलेली आणि ०.५८ वॉट अपरिवर्तनीयतेची.

२ फेब्रुवारी

आज सीओपीच्या नुसत्या आकड्यावरून यंत्रांची तुलना का करू नये, यासाठी दुसऱ्या टोकाचे उदाहरण शोधले. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकाची हेलियम शीतसंयंत्रे ४.५ केल्व्हिनवर १ वॉट उष्णता काढण्यासाठी सुमारे २३० वॉट वीज घेतात. सीओपी ०.००४३. आमच्या जुन्या फ्रिजचा १.५२ त्याच्यापुढे साडेतीनशे पटींनी मोठा. पण ३०० आणि ४.५ केल्व्हिन यांच्यामध्ये प्रतिवर्ती यंत्रालाही १ वॉटमागे ६५.७ वॉट लागतात, त्यामुळे त्या संयंत्राची दुसऱ्या नियमाची कार्यक्षमता ०.२९ च्या जवळ आहे, आमच्या फ्रिजच्या अडीच पट. याच तापमानजोडीवरील प्रतिवर्ती इंजिनाची कार्यक्षमता ०.९८५ असेल. इंजिनासाठी जी जोडी स्वप्नवत, ती शीतयंत्रासाठी सर्वांत कठीण, हे ८ तारखेला उलट टोकाकडून दिसले होते.

७ फेब्रुवारी

कार्नो सूत्राचे अवकलन करून पाहिले : नळ्यांमधील फरक ६१ अंश असताना एव्हॅपोरेटर एका अंशाने वर आणला तर सीओपी सुमारे २.० टक्के वाढतो, कंडेन्सर एका अंशाने खाली आणला तर १.६ टक्के. एव्हॅपोरेटरकडे हात घालायचा तर बर्फाचा कप्पा सोडावा लागेल, म्हणून कंडेन्सर निवडला. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली. तारांच्या मधल्या फटींत धुळीचा चांगला जाड, वाकळेसारखा थर बसला होता.

खोलीचे आणि आतले तापमान पूर्वीइतकेच ठेवून पुन्हा चोवीस तास मोजले. कंडेन्सर ४२ वरून ३८ वर आला. वीज ०.५० युनिट, सरासरी २०.८ वॉट, सीओपी १.६१. नळ्यांवरचा कार्नो सीओपी आता ४.४६ आणि गुणोत्तर ०.३६२, म्हणजे पूर्वीच्या ०.३६५ च्या जवळच. कॉम्प्रेसर आहे तसाच आहे, त्यामुळे ते हलायला नकोच होते. खोली आणि आतील हवा यांच्या मापाने मात्र गुणोत्तर ०.११५ वरून ०.१२२ झाले. पुढील मापन बर्फाच्या कप्प्याचे दार काढून, थर्मोस्टॅट एका खुणेने मागे घेऊन करायचे आहे. एव्हॅपोरेटर −१९ वरून किती वर येतो त्यावर २.० टक्क्यांचा अंदाज पडताळता येईल.